कॅरीबॅग बंद केली, आता गिऱ्हाइकाच्या हातात काय द्यायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

गल्लीतला_किराणा (बेळगाव)

नमस्कार मंडळी. शहापूर भागातल्या एका गल्लीतले दुकानदार मिळून कॅरीबॅग एकदमच बंद करायच्या तयारीत आहेत. किराणा, बेकरी, कुंदा-मिठाईचं दुकान, चिकन-मटण, फुलवाल्या मावशी, भाजीच्या गाड्या असा सगळा मिसळ धंदा आहे. एकट्यादुकट्यानं बंद केलं की गिऱ्हाईक शेजारी जातं, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी.

अडचणी अशा. कापडासारख्या दिसणाऱ्या त्या रंगीत नॉन-वोवन पिशव्या चालतात असं निपाणीकडचे व्यापारी सांगतात, इथं मात्र त्याच जप्त होतात. १२० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड पिशवी चालते असंही कुणी सांगतं. खरं काय? दुसरं, कापडी पिशव्या खानापूर तालुक्यातल्या महिला बचत गटाकडून शिवून घ्यायच्या आहेत. कापड कुठलं, किती लागेल, माप काय ठेवायचं, पाच किलो तांदूळ आणि वर डाळ-गूळ घातल्यावर बंद उसवू नये म्हणून काय करायचं? तिसरं म्हणजे ओला माल. दही, मटण, हार, पालेभाजी. आणि आपल्याकडच्या आषाढात कागदी पिशवीचा लगदा होतो, त्याला उपाय काय?

या कामातलं ज्यांना कळतं त्यांनी जरा सविस्तर लिहा की ओ. पर्यावरणाचं महत्त्व सगळ्यांना पटलंय, आता मापं आणि रीत हवी आहे.

---

अधिसूचना_वाचक (बेळगाव)

आधी नियमाचं बघू, कारण आपल्याकडचा निम्मा घोळ तिथंच आहे. आपण वाचतो ती बरीचशी मराठी बातमी कोल्हापूर-पुण्याची असते आणि दुकान असतं कर्नाटकात. महाराष्ट्राची बंदी २३ मार्च २०१८ची. तिच्यात नंतर सवलती येत गेल्या आणि ६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या) वरच्या नॉन-वोवन पिशवीला २०२२च्या अखेरीस तिकडं मोकळीक मिळाली. कोगनोळीच्या सीमेअलीकडे, म्हणजे कर्नाटकात, ती मोकळीक लागू नाही.

कर्नाटकाची अधिसूचना त्याच्या दोन वर्षं आधीची, ११ मार्च २०१६ची, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६च्या कलम ५ खाली काढलेली. तिच्यात कॅरीबॅगला जाडीची अट नाही. पातळ असो, जाड असो, बंदच. बनवणं, साठवणं, वाहून नेणं, विकणं आणि वापरणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे गल्ल्याखाली नुसता गठ्ठा ठेवलेला सापडला तरी अडचण.

१२० मायक्रॉन हा आकडा केंद्राच्या नियमातला. १२ ऑगस्ट २०२१च्या दुरुस्तीनं कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. तो देशभराचा किमान दर्जा आहे. राज्य त्याहून कडक नियम करू शकतं, कर्नाटकानं केला आहे. त्यामुळे पिशवीवर "१२० मायक्रॉन" छापलेलं असलं तरी इथं त्याचा उपयोग नाही.

नॉन-वोवन म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लॅस्टिकच. घाऊक पेठेत "कापडी" म्हणून विकतात, म्हणून तपासणी शिकून घ्या. कडेचा एक धागा ओढून बघा. कापडातून धागा निघतो, नॉन-वोवनमधून नुसता कापसासारखा पुंजका येतो. उजेडात धरलं की त्यावर बारीक दाबलेले ठिपके एका ओळीत दिसतात. तरी शंका राहिली तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळा. सुती कापड कागदासारखं जळून मऊ राख होते, हे आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. त्या वासानं खोकला येतो, म्हणून बाहेर मोकळ्यावर करा.

सूट कशाला आहे तेही सांगतो. कारखान्यात सीलबंद होऊन येणारं मालाचं मूळ वेष्टन, दुधाच्या आणि दुग्धजन्य पदार्थांच्या पिशव्या, आणि सरकारी खात्यांच्या मागणीवरून रोपवाटिकांना लागणाऱ्या पिशव्या. साखर पोत्यातून काढून दुकानात प्लॅस्टिकमध्ये भरून मेणबत्तीवर चिकटवली म्हणजे ती "सीलबंद माल" झाली, असं बरेच दुकानदार धरून चालतात. त्या आधारावर राहू नका, सूट उत्पादन करणाऱ्या घटकाच्या वेष्टनाला आहे.

मिठाईच्या दुकानासाठी एक वेगळी गोष्ट. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या वस्तू बंद झाल्या त्यात मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळायची पातळ फिल्म आहे. प्लॅस्टिकचे चमचे, प्लेटा, पेले, स्ट्रॉ हेही आहे. कुंद्याचा पुठ्ठ्याचा बॉक्स, आत तूप न झिरपणारा कागद आणि वरून सुतळी, एवढं पुरतं.

दुकानात पाटी लावाल तेव्हा वर कन्नड, खाली मराठी अशी लावा. "मनेयिंद कैचील तन्नि / घरून पिशवी आणा." बाजाराला येणारं निम्मं गिऱ्हाईक बैलहोंगल, सौंदत्तीकडचं असतं, त्यांना मराठी पाटी कळणार नाही.

---

शिवण_खानापूर

पिशवीचं मी लिहिते. ह्यात पहिली चूक कापडात होते. स्वस्त म्हणून ८०-९० जीएसएमचं विरळ कापड घेतात. पिशवी दोन धुण्यांत मच्छरदाणीगत होते आणि लोक म्हणतात "कापडी पिशवी टिकत नाही". १४० ते १६० जीएसएमचं सुती कोरं कापड घ्या, ज्याला मांजरपाट म्हणतात. वडगाव, खासबागच्या मागांवर मुख्यतः साडी विणतात, त्यामुळे या कापडासाठी इचलकरंजी जवळ पडते. ताका घेण्याआधी १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर तोला. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभरनं गुणा, तेवढं जीएसएम. दीड ग्रॅम भरला तर १५०. मात्र खळ लावलेलं कापड जड भरतं, म्हणून तो तुकडा आधी गरम पाण्यात चोळून, वाळवून मग तोला. खळीवर फसवणूक फार होते.

कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, लांबीला जास्त. शंभरभर पिशव्या असतील तर कापायच्या आधी ताका रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा. तेवढी जागा नसेल तर १६ इंचाची पिशवी धुतल्यावर १५ची होणार हे धरून माप ठेवा.

आता माप. किराण्याला तयार पिशवी १४ इंच रुंद, १६ इंच उंच बरी. पाच किलो तांदूळ, दोन किलो डाळ-गूळ बसतं आणि हातात धरून चालताना जमिनीला लागत नाही. याहून मोठी केली की लोक दहा किलो भरतात आणि मग बंद जातात. तुकडा १५ इंच रुंद आणि ३५ इंच लांब. लांबीत १६ अधिक १६, आणि तोंडाच्या दुमडीला दोन्हीकडे दीड-दीड इंच. खाली शिवण नाही, नुसती घडी. तळाला शिवण घातली की वजन नेमकं तिच्यावर येतं. लांबी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेनंच घ्या. कापड वाचवायला तुकडा आडवा फिरवला तर पिशवी भाराखाली लोंबते.

४८ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) असे तीन तुकडे बसतात, ४५ इंच झाले. उरलेली ३ इंचांची लांब पट्टी बंदांना. प्रत्येक बंद ३ इंच रुंद, २२ इंच लांब, चार पदरी दुमडून पाऊण इंच तयार. शंभर पिशव्यांना तुकड्यांचं कापड साधारण ३० मीटर. कडेच्या पट्टीतून पन्नासएक बंद निघतात, लागतात दोनशे. बाकीच्यांना साडेपाच-सहा मीटर वेगळं. एकूण ३६ मीटर, डागी जागा आणि ताक्याची टोकं धरून ३८ घ्या. पन्हा मोजून घ्या मात्र, ४८ सांगतात आणि ४७ निघतो, मग बंदाची पट्टी दोनच इंचांची राहते आणि चार पदर होत नाहीत.

बाजूच्या शिवणी दुहेरी हव्यात, कारण हे कापड उसवतं. आधी सुलट बाजूनं दोन सूत (पाव इंच) आत शिवा, मग कड छाटून एका सुतावर आणा, पिशवी उलटवून पुन्हा दोन सूत आत शिवा. कच्ची कड आत बंद होते. ओव्हरलॉक मशीन नसलेल्या गटाला हीच पद्धत सोयीची. टाके इंचाला ८ ते १०. याहून बारीक टाका घातला की सुईच्या भोकांची रांग पडते आणि कापड तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. सुई १६ नंबरची.

बंद जोडणं हे खरं काम. तोंडाची दुमड आधी अर्धा इंच, मग एक इंच. बंदाचं टोक एक इंच त्या दुमडीच्या आत घाला, बाजूच्या शिवणीपासून साडेतीन इंचांवर. दुमड शिवून झाली की बंद वर वळवा आणि त्यावर चौकोन शिवून आत फुली मारा, टाके दोनदा. इथं पदर बरेच येतात. हाफ शटलचं घरगुती मशीन तिथं अडकतं, ते ठिकाण हातानं चाक फिरवून घ्या. बंद कधीही दुमडीच्या बाहेरून चिकटवल्यासारखा शिवू नका, बाजारातल्या निम्म्या पिशव्या तिथंच तुटतात.

दोरा पॉलिस्टरचा वापरावा की सुती, यावर वाद होतो. माझ्या मते तीनपदरी पॉलिस्टर. सुती दोरा सतत ओला-सुका होऊन कापडाच्या आधी कुजतो आणि चांगली पिशवी उसवते. काही ग्रॅम दोऱ्यासाठी साठ ग्रॅमची पिशवी फेकायची वेळ येऊ नये.

पहिल्या दहा पिशव्या झाल्या की एकीत पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दहा बाटल्या घालून रात्रभर खुंटीला लटकवा. सकाळी बंदाच्या मुळाशी कापडाचे धागे सरकून फट दिसली तर कापड विरळ आहे. टाके ओढले गेले असतील तर शिवण सैल आहे. दोन्हीला उपाय वेगळा, म्हणून नीट बघा.

हिशोब असा मांडा. समजा कापड मीटरला ५५ रुपये पडलं, ३८ मीटरचे २,०९०, म्हणजे पिशवीला २१ रुपये. दोरा एक रुपया, शिलाई किमान ८-१०. तीस-बत्तीसच्या खाली चांगली पिशवी होत नाही. कुणी १२ रुपयांत देतो म्हणाला तर बायकांची मजुरी नाहीतर कापड, दोन्हीपैकी एक कापलेलं आहे.

---

सुताचा_धंदा

वरच्या अक्कांनी लिहिलंय त्यात एकच जोड. पिशवीवर दुकानाचं नाव छापणार असाल तर खळ काढल्याशिवाय छापू नका. पाण्यातली शाई खळीवर बसते आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जाते. छापून एक दिवस वाळू द्या, मग उलट बाजूनं कडक इस्त्री फिरवा. रबरासारखी जाड चकचकीत छपाई मागू नका, ती शाई बहुतेक पीव्हीसीची असते.

---

निपाणीकर

माझा मुद्दा जरा वेगळा आहे आणि तो बाजारातल्या बऱ्याच जणांचा आहे. धाड पडते ती गाडीवाल्यावर. दोन किलो कांदे विकणारा दंड भरतो आणि शेजारी टपरीवर वेफर्स, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, त्यांना कुणी विचारत नाही. भाजी चाळीसची आणि पिशवी तीसची, गिऱ्हाईक कसं घेणार? कॅरीबॅग बनवणारा कारखाना बंद करा, खाली आपोआप बंद होईल.

---

अधिसूचना_वाचक (बेळगाव)

निपाणीकर, गाडीवाल्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. वेफर्सच्या पाकिटाला वेगळा नियम लागतो, त्याचा कचरा गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि तिची केंद्राची नियमावली १६ फेब्रुवारी २०२२ला आली. ती गल्लीच्या पातळीवर दिसत नाही ही तक्रार रास्त आहे, ती लेखी करायला हवी. बनवण्यावरही बंदी आहेच, पण माल सीमेपलीकडून आणि परराज्यांतून गठ्ठ्यानं येतो, म्हणून घाऊक पेठेत तपासणी व्हायला हवी. संक्रांत, गणपती, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गठ्ठे उतरतात, तेव्हाच.

पण गाडीवाल्याला पिशवी "विकायची" गरजच नाही. कांदा-बटाटा-टोमॅटो घेणाऱ्याकडे पिशवी नसेल तर गाडीवर अनामत पिशव्या ठेवा. खाली कुणीतरी त्याबद्दल लिहीलच.

---

बाजारहाट_खानापूर

ओल्या मालाचं क्रमानं सांगतो.

चिकन-मटण, मासळी. घरचा झाकणाचा स्टीलचा डबा, दुसरा पर्याय खरोखर नाही. दुकानदाराला भीती असते की वजनात वाद होईल. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा डबा ठेवायचा, टेअरचं बटण दाबून शून्य करायचं, मग माल घालायचा. झाकण ठेवून शून्य केलं तर झाकण ठेवूनच तोलायचं, नाहीतर दीडशे ग्रॅमचा फरक पडतो आणि भांडण तिथंच होतं. शून्य झालेलं गिऱ्हाइकाला दिसेल असा काटा फिरवून ठेवा. डबा न आणणाऱ्यांसाठी दुकानात एक आणि दोन लिटरचे दहा-बारा डबे ठेवा, अनामत घ्या, परत आल्यावर धुण्याच्या सोड्याच्या कडक गरम पाण्यात धुवा. कापडी पिशवीत मटण कधीच देऊ नका, रक्त झिरपून वास बसला की पिशवी गेली.

आपल्या भागात मटण पळसाच्या नाहीतर सागाच्या पानात बांधायची पद्धत होती, अजूनही चालते. पळस चांगला. सागाचं कोवळं पान चोळलं गेलं की लाल रंग सोडतं, तो रंग मटणाला आणि कपड्याला लागतो, म्हणून जून पान घ्या. दोन पानं उलट-सुलट, मध्ये माल, वरून केळीचं सोपट (खोडाची वाळलेली साल). पावसाळ्यात पानं मिळतात आणि उन्हाळ्यात सागाची पानगळ होते, त्यामुळे बारमाही भरवसा नको. पानं स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतातली आणा, राखीव जंगलातून तोडायची परवानगी नसते.

हार-फुलं. केळीचं पान आणि सोपट. पान उन्हात दहा मिनिटं ठेवलं किंवा तव्यावरून फिरवलं की मऊ पडतं आणि घडी घालताना फाटत नाही. मोगरा, अबोली प्लॅस्टिकपेक्षा त्यात जास्त वेळ ताजी राहतात, कारण प्लॅस्टिकमध्ये आत घाम धरतो.

दही. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे आणि तालुक्यात माती चांगली आहे, त्यामुळे गाडगी मिळायला अडचण नाही. गाडगं वापरायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडं गाडगं दह्यातलं पाणी ओढून घेतं, संध्याकाळपर्यंत वजन घटतं आणि बाहेरून ओल सुटून खाली ठेवलेला कागद भिजतो. सुट्या दह्याला डबाच बरा. गाडगं सणासुदीला आणि मिठाईच्या दुकानात.

पालेभाजी. कोथिंबीर, मेथी, शेपू वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, ती निदान धुऊन तरी वापरतात. पण भजी, वडे, फरसाण, खारी वर्तमानपत्रात देऊ नका. २०१८च्या अन्नवेष्टनाच्या नियमांनी ते बंद केलं आहे, छपाईच्या शाईत खाण्याजोगं काही नसतं आणि तेल ती शाई ओढतं. मटार, मिरची, टोमॅटोला मलमलीच्या १० बाय १२च्या छोट्या पिशव्या, तोंडाला नाडी. एक गिऱ्हाईक चार घेऊन आलं की भाजीवाल्याचं काम होतं. हलक्या असतात, काट्यावर एका पिशवीनं फरक नगण्य.

---

पुडीवाला_चिक्कोडी

कागदाचं मी सांगतो. डाळ, रवा, पोह्याला तपकिरी क्राफ्ट कागदाची पिशवी, अर्ध्या किलोला ६० जीएसएम, किलोला ८०. तळाला आडवी पट्टी चिकटवल्याशिवाय किलोची पिशवी करू नका. मैद्याची खळ एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी, सतत ढवळत पारदर्शक होईतो शिजवायची. बुरशी धरू नये म्हणून बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात. खाण्याच्या मालाच्या पिशवीला मोरचूद अजिबात नको, ते विष आहे. रोजच्या रोज थोडी खळ करा, उरली तर टाका.

पावसाळ्याचा प्रश्न खरा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खळ नीट वाळत नाही, ओल्या हवेत तळ सुटतो. त्यामुळे पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच करून घ्या, कडक उन्हात वाळवा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. त्या चार महिन्यांत गूळ आणि साखर कागदात देऊच नका, दोन्ही ओल ओढतात आणि पुडी आतून भिजते. गिऱ्हाइकाला डबा आणायला सांगायचं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तर बाहेरची कापडी पिशवीही निथळते, तिथं झाकणाचा डबा नाहीतर जुन्या रेक्झिनची पिशवी हाच मार्ग.

---

गल्लीतला_किराणा (बेळगाव)

फार उपयोगी माहिती मिळाली, आभारी आहे. दोन प्रश्न उरले. "मक्याच्या पिशव्या" म्हणून हिरव्या पिशव्या विकणारे येतात, आपोआप विरघळतात म्हणतात. त्या घ्याव्यात का? आणि अनामतीचं नेमकं कसं चालवायचं?

---

अधिसूचना_वाचक (बेळगाव)

मक्याच्या म्हणून येणाऱ्या पिशव्या दोन प्रकारच्या असतात. खऱ्या कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो. विक्रेत्याकडून त्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि क्रमांक जुळवा. "ऑक्सो-बायोडिग्रेडेबल" किंवा नुसतं "इको" लिहिलेलं असेल तर ते साधं प्लॅस्टिक, फक्त लवकर तुकडे होणारं. तुकडे झाले म्हणजे नाहीसं झालं नाही, उलट गोळा करणं अवघड झालं.

खरी असली तरी ती आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात किंवा परसात विरघळत नाही. तिला साठ अंशांच्या आसपास उष्णता, ओल आणि हवा सतत मिळणारा कंपोस्टचा ढीग लागतो. शिवाय साठवणीत सहा महिने-वर्षात ती ठिसूळ होते, गरम इडली-सांबाराला ताणते. महागही आहे. मटणाच्या दुकानात डबा विसरलेल्या गिऱ्हाइकासाठी थोड्या ठेवा, किराण्याला घेऊ नका.

---

शिवण_खानापूर

अनामतीचं असं करा. अनामत पिशवीच्या खर्चाएवढीच ठेवा, तीस पडली तर तीसच. दहा रुपये ठेवली की पिशवी परत येत नाही आणि महिन्यात साठा संपतो. पन्नास ठेवली तर कुणी घेत नाही. गल्लीतल्या सगळ्या दुकानांत एकच पिशवी, कुठूनही घ्या, कुठंही परत करा, पूर्ण तीस परत. ओळखीसाठी बंदांना एका रंगाचा दोरा वापरा, म्हणजे बाहेरची पिशवी देऊन पैसे मागणारा लगेच कळतो. फाटलेली आली तरी पैसे द्या. ती गटाकडे येऊ दे, नव्वद टक्के वेळा फक्त बंद उसवलेला असतो आणि पाच मिनिटांत शिवून होतो. आठवड्याला दुकानांनी आपसात मोजदाद करायची. ज्याच्याकडे जास्त जमा झाल्या त्यानं पैसे दिलेले असतात, त्याला बाकीच्यांनी तेवढे भरून द्यायचे.

भाजीची पिशवी मातीनं मळते, किराण्याच्या साठ्यात मिसळू नका. भाजीगाड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा. धुणं दर फेरीला नको, मळलेल्याच धुवा. सतत धुतल्यानं कापड झिजतं, पाणीही जातं.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेनं २०११मध्ये हिशोब मांडला होता की सुती पिशवी तिथल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानाला हलकी ठरायला १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी, खत, सूतगिरणी सगळं लागतं. म्हणून सणावारी फुकट कापडी पिशव्या वाटायचा जो प्रकार चालतो तो बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं. घरात वीस पडून राहतात आणि बाजाराला जाताना एकही हातात नसते.

---

अक्का_वडगाव

तुम्ही सगळे दुकानाचं लिहिताय, पण बायकांना कॅरीबॅग लागते ती स्वयंपाकघरात. ओल्या कचऱ्याच्या डब्यात घालायला. बाजारात बंद केली तरी त्यासाठी लोक काळ्या पिशव्या विकत आणतात, आणि तुरमुरीच्या डेपोवर ओला कचरा गाठ मारलेल्या प्लॅस्टिकमध्येच जातो. त्यातून कंपोस्ट कसं होणार? गाठ मारून रस्त्यावर टाकलेली पिशवी गाय फोडत नाही, तशीच गिळते.

डब्याला पिशवी लागतच नाही. तळाला वर्तमानपत्राची दुहेरी घडी, त्यावर मूठभर वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा. ओला कचरा घालण्याआधी चाळणीत निथळू द्या, डब्यात पाणी साचतं ते आमटी-भाताच्या खरकट्याचं. घंटागाडी येईल तसा रोज रिकामा करा, कागदासकट उपडा होतो. मग डबा राखेनं किंवा सोड्यानं धुवा. मासळी असेल त्या दिवशी पाला दुप्पट घाला, वास धरत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल खूण करून वेगळं द्यायचं, ओल्यात नाही.

गल्लीत दुकानांची पाटी लावाल त्याच दिवशी घरोघरी हेही सांगा. नाहीतर गिऱ्हाईक दुकानात पिशवीसाठी हट्ट धरतंय ते कशासाठी, हेच दुकानदाराला कळत नाही.

---

गल्लीतला_किराणा (बेळगाव)

अक्का, हे डोक्यातच आलं नव्हतं, पाटीबरोबर घरोघरी सांगायचं ठरवतो. बचत गटाला पहिली मागणी दोनशे किराण्याच्या आणि शंभर भाजीच्या पिशव्यांची देतोय. भाजीची पिशवीही १४ बाय १६च ठेवायची का?

---

शिवण_खानापूर

भाजीला १६ बाय १४, म्हणजे रुंद आणि बुटकी. खाली कांदे-बटाटे पसरून बसतात, वर टोमॅटो चेपत नाहीत. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन इंचांची तिरपी शिवण घाला, पिशवी जमिनीवर उभी राहते. त्यात उंची एक इंचानं कमी होते, म्हणून तुकडा १७ इंच रुंद आणि ३३ इंच लांब घ्या. ४८च्या पन्ह्यात असे दोनच बसतात आणि १४ इंच उरतात, म्हणून यासाठी ५२ किंवा ५४ पन्ह्याचं कापड मागवा, तीन बरोबर बसतात. कडेला बंदाला पट्टी फारशी उरत नाही, बंद किराण्याच्या ताक्यातून वेगळे काढा. शंभर पिशव्यांना दोनशे बंद, त्याला साडेसात मीटर.